अनोळखी खेळाडू शेजारी येतो तेव्हा

गेम डिझाइनमध्ये येऊ पाहणारी मुलं मला बहुतेक वेळा ग्राफिक्सबद्दल, इंजिनांबद्दल विचारतात. मी त्यांना एवढंच विचारते: तुमच्या गेममध्ये अनोळखी खेळाडू धावत आला, तर आधी तिथं असलेल्याला बरं वाटतं की धास्ती?

पहिल्या नोकरीत आम्ही चार खेळाडूंनी मिळून खेळायचा एक छोटा गेम करत होतो. जंगल, राक्षस आणि शेवटी एक पेटी. पेटीतली वस्तू जो आधी उचलेल त्याची. प्लेटेस्टला, म्हणजे गेम खेळवून पाहायच्या चाचणीला, एकमेकांना न ओळखणारी चार कॉलेजची मुलं बोलावली. पहिली पेटी उघडेपर्यंत सगळं छान चाललं. त्यानंतर दोघं लढाई अर्धवट सोडून आधीच पेटीपाशी जाऊन उभे राहायला लागले आणि तिसरा एकटा मार खात राहिला. मी वहीत लिहिलं, 'मुलं स्वार्थी आहेत.' सीनियर ताईंनी ते वाचून विचारलं, "पेटीत वस्तू किती?" एक, म्हटलं. "आणि माणसं?"

मग त्यांनी मला दोन ऑनलाइन गेम शेजारी ठेवून खेळायला लावले. २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये राक्षसावर पहिला घाव ज्याचा, लूट त्याची असायची. म्हणजे जवळ आलेला परका हा वाटेकरीच. २०१२ च्या गिल्ड वॉर्स २ मध्ये लढलेल्या प्रत्येकाला स्वतःचं बक्षीस, खाणीतला धातूही ज्याचा त्याला वेगळा. पडलेल्याला कुणीही उठवावं, उठवणाऱ्याला अनुभवाचे गुण. तिथं कुणी आलं की हायसं वाटतं.

आम्हीही प्रत्येकाला वेगळा वाटा दिला. भांडणं थांबली, पण बोलणंही थांबलं! चौघं चार दिशांना. नवखे नेमके इथंच चुकतात, मीही चुकले. वॉरक्राफ्टमध्ये डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर, म्हणजे मोहिमेसाठी सोबती आपोआप जमवून देणारी सोय, आला. त्याआधी शहरात हाका मारून माणसं जमवावी लागत. कुणी लबाडी केली तर सर्व्हरभर, म्हणजे गेमच्या त्या एका जगात सगळीकडे, नाव खराब होई. नंतर वेगवेगळ्या सर्व्हरवरचे खेळाडू आपोआप एकत्र येऊ लागले. सोय मोठी, पण पुन्हा भेट होण्याची शक्यता इतकी कमी, की नाव लक्षात ठेवायचं कारणच उरलं नाही. भांडणाचं कारण काढून टाकणं हे एक काम. एकमेकांची गरज निर्माण करणं हे वेगळं.

जर्नी (२०१२) हा गेम जरूर खेळा. त्याचे दिग्दर्शक जेनोव्हा चेन यांनी सांगितलंय, की सुरुवातीच्या चाचण्यांत खेळाडू एकमेकांना संकटात ढकलायचे. मग ढकलणं शक्यच होणार नाही असं केलं. उलट जवळ आलं की दोघांच्या ओढण्या उजळतात आणि उडता येतं. चॅट नाही, फक्त एक सूर.

सराव म्हणून बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) माइक बंद ठेवून रँडम स्क्वाडबरोबर, म्हणजे अनोळखी खेळाडूंच्या संघात, खेळा. कोणी कोणाला उठवलं आणि त्यासाठी काय धोका पत्करला, प्रत्येक वेळी लिहा.

आम्ही शेवटी औषधी पानं आणली. ती स्वतःला लावता येत नाहीत, दुसऱ्यालाच लावायची. पुढच्या चाचणीत एक मुलगी, जीव संपत आलेला, एकाच्या समोर जाऊन उठबस करत राहिली. त्याला कळेना. लांबून तिसरा धावत आला आणि पानं लावायला थांबला, पण ती लावायला तीन सेकंद लागायचे. तेवढ्यात दोघंही मेले. त्याच संध्याकाळी आम्ही तिनाचा एक सेकंद केला.