गोठ्यातली येझदी

बाबांची येझदी रोडकिंग मोटारसायकल ११ वर्षं गोठ्यात कडब्याखाली पडून होती. अशी गाडी बाहेर काढली की पहिला मोह किक मारायचा. मारू नका! पिस्टन जाम असेल तर किकचे दात जातात. स्पार्क प्लग काढा, त्याच्या भोकातून चार चमचे ऑइल-डिझेल सोडा आणि दोन दिवस विसरा. मग गाडी चौथ्या गिअरात टाकून मागचं चाक हळूहळू पुढे-मागे हलवा. माझं इंजिन तिसऱ्या दिवशी सुटलं; आईने लगेच चहा टाकला.

गंज काढायला पेट्रोलच्या टाकीत व्हिनेगर आणि मूठभर लोखंडी नट घालून खळखळवा, धुऊन उन्हात वाळवा. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) हवेनेच फुंका, तार खुपसू नका. पॉइंटची (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्कांची) फट ०.४ मिमी ठेवा. टू-स्ट्रोक आहे, म्हणून लिटरमागे ४० मिली ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा. रंगाचं नंतर बघू.