शेवट असलेले वाचन: पुस्तकापासून फोनपर्यंतच्या सवयी कशा लावाव्यात

फोन कमी वापरावा आणि पुस्तके जास्त वाचावीत, हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की ऐकणारा मान डोलावतो आणि पुन्हा फोन पाहू लागतो. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. कारण बँकेचे व्यवहार, मुलाच्या शाळेच्या सूचना, रेल्वेचे तिकीट आणि मराठी विश्वकोश हे सगळे त्याच फोनमध्ये असते आणि त्यातले नेमके काय सोडायचे हे कोणी सांगत नाही. माझ्या मते कागद आणि पडदा अशी विभागणी करण्यापेक्षा शेवट असलेली माध्यमे आणि शेवट नसलेली माध्यमे अशी विभागणी करणे अधिक उपयोगाचे ठरते. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, आकाशवाणीचा निवेदक बातम्या संपल्याचे सांगतो, कादंबरी कितीही जाडजूड असली तरी एके दिवशी हातावेगळी होते. रील आणि शॉर्ट्स यांना मात्र तळच नसतो. त्यामुळे थांबायचे केव्हा हे दर क्षणी पाहणाऱ्यानेच ठरवायचे असते, आणि दिवसभराच्या कामाने दमलेल्या माणसाला ते जमत नाही. पुढच्या सर्व सूचना याच कसोटीवर बेतलेल्या आहेत: ज्याला शेवट आहे ते हाताशी ठेवावे आणि ज्याला नाही त्याला तो लावून द्यावा.

सुरुवात नोंदीपासून करावी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या नावाने वापराची नोंद आपोआप होत असते. या दोन्ही सोयी २०१८ साली आल्या. तिथे एकूण तासांचा आकडा ठळक दिसतो, पण त्याला फारसे महत्त्व देऊ नये, कारण दीड तास नाटक पाहणे आणि दीड तास रील सरकवणे यांचे तास सारखेच भरतात. फोन दिवसातून किती वेळा उघडला आणि त्यावर किती सूचना आल्या, हे दोन आकडे अधिक बोलके असतात. जोडीला चार-पाच दिवस एका कागदावर इतकेच लिहावे की फोन कशासाठी हातात घेतला आणि काय पाहून खाली ठेवला. ‘गॅसचा नंबर लावायला, मग क्रिकेटचे जुने व्हिडिओ’, ‘किती वाजले ते पाहायला, मग मावशीच्या ग्रुपवरचे फोटो’ अशा नोंदी जमू लागल्या की कोणत्या कामासाठी दुसरी वस्तू हवी ते आपोआप कळते. भिंतीवरचे घड्याळ, गजराचे घड्याळ आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यानेही फोन उघडण्याचे प्रसंग बरेच घटतात. त्यांत गजराचे घड्याळ सर्वांत मोलाचे, कारण ते आले की फोन उशाशी ठेवायला सबब उरत नाही आणि तो रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावता येतो.

बातम्यांसाठी दिवसातली एक वेळ आणि एक साधन ठरवून घ्यावे. घरी छापील वर्तमानपत्र येत असेल तर ते सकाळी चहाबरोबर पूर्ण वाचावे आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत बातम्यांकडे वळू नये. (हल्ली पहिली दोन-तीन पाने जाहिरातींचीच असतात आणि खरे पहिले पान शोधावे लागते, ती पाने सरळ बाजूला काढून ठेवावीत, फळीवर अंथरायला उपयोगी पडतात.) गाव सोडून बंगळुरूला, दुबईला किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या आवृत्तीचा ई-पेपर वाचावा, त्याच वृत्तपत्राच्या संकेतस्थळाच्या नादी लागू नये, ई-पेपरात छापील अंकाचीच पाने असतात आणि शेवटचे पान आले की अंक संपतो, तर संकेतस्थळावर एका बातमीखाली दुसरी बातमी अखंड येत राहते. ज्यांना वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी आकाशवाणीच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या अजूनही उत्तम आहेत, कारण त्या थोडक्यात असतात आणि त्यांत आरडाओरडा नसतो. बातम्यांच्या सर्व अ‍ॅपच्या सूचना मात्र बंद कराव्यात. निवडणुकीचा निकाल आणि अतिवृष्टीचा इशारा सोडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कळल्याने नुकसान होईल अशी बातमी क्वचितच असते. त्यातही इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अ‍ॅप ठेवले की काम भागते.

पुस्तकांच्या बाबतीत माझा कल विकत घेण्यापेक्षा ग्रंथालयाकडे आहे, आणि त्याचे कारण काटकसरीपेक्षा परतीची तारीख हे आहे. विकत घेतलेले पुस्तक ‘कधीतरी वाचू’ म्हणून कपाटात वर्षानुवर्षे पडून राहू शकते. ग्रंथालयाच्या पुस्तकाला ती मुभा नसते. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली जाते, त्यामुळे तालुक्याच्या गावीही बहुधा एखादे ग्रंथालय सापडते. मोठ्या शहरांतली ग्रंथालये तर त्याआधीची आहेत: पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९३ ची आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९८ ची. सभासद होण्यासाठी साधारणपणे पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि वर्गणी इतकेच लागते, आणि ही वर्गणी बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या एका रिचार्जपेक्षा जड नसते.

ग्रंथालयात गेल्यावर काय घ्यावे असा प्रश्न पडतो. नव्याने आलेल्या पुस्तकांच्या कपाटापुढे ताटकळण्यापेक्षा देवघेवीच्या टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो तो आधी पाहावा, कारण ती पुस्तके कोणीतरी नुकतीच वाचलेली असतात. एखादे पुस्तक आवडेलसे वाटले तर आतल्या पानाला चिकटवलेली तारखांची पट्टी पाहावी. जांभळ्या शाईचे शिक्के एकापाठोपाठ एक, पंधरवड्याच्या अंतराने पडलेले असतील तर पुस्तक हातोहात फिरते आहे. अधूनमधून एखादाच शिक्का आणि मध्ये वर्षांची पोकळी असेल तर ते विस्मरणात गेलेले आहे. दोन्ही प्रकारची पुस्तके घ्यावीत, पण आळीपाळीने. विस्मरणात गेलेल्या पुस्तकांत कधी कधी फार चांगले आत्मचरित्र किंवा प्रवासवर्णन हाती लागते आणि ते वाचणारे आपण बऱ्याच वर्षांतले पहिलेच असतो, याचा एक वेगळा आनंद असतो. ज्या ग्रंथालयांत संगणकीय नोंद सुरू झाली आहे तिथे या पट्ट्या कोऱ्या राहू लागल्या आहेत आणि त्यांबरोबर ही माहितीही वाचकाच्या नजरेआड गेली आहे.

घरी आणलेले पुस्तक कपाटात ठेवू नये. टीव्हीचा रिमोट जिथे असतो तिथे, जेवणाच्या टेबलावर किंवा पलंगाशेजारी, म्हणजे हात सहज जाईल अशा जागी ते उघड्यावर असावे. पाचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम चालू आहे आणि तिथे पुस्तके ग्रामस्थांच्या घरांत, कोणालाही बसून वाचता येतील अशी मांडलेली आहेत. तिथे जाऊन आलेली, एरवी न वाचणारी माणसेही तासभर वाचत बसल्याचे सांगतात. पुस्तक समोर आणि फोन दुसऱ्या खोलीत, एवढी मांडणी आपल्या घरातही करता येते.

दिवाळी अंकांचा उल्लेख इथेच केला पाहिजे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचे वर्ष या अंकांभोवती फिरत आले आहे. अनेक ग्रंथालये दिवाळीनंतर ठरावीक रकमेत बरेच अंक आळीपाळीने वाचायला देण्याची योजना चालवतात आणि घरटी दोन अंक विकत घेऊन उरलेले या योजनेतून वाचणे परवडते. अंक हाती येताच अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने तीन-चार लेखांवर खुणा कराव्यात (अंक ग्रंथालयाचा असेल तर खुणा वहीत कराव्यात) आणि तेवढे वाचून अंक पुढे द्यावा; पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याच्या आग्रहापायी बहुतेकांचे अंक शिमग्यापर्यंत अर्धवट राहतात.

ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तके वाचण्यासाठीचे उपकरण, घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. ज्यांना बारीक छपाई त्रास देते आणि जे परदेशी राहतात, त्यांनी जरूर घ्यावा. त्याच्या ई-इंक पडद्यावर अक्षरे कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात दिसतात, पान स्थिर असताना वीज जवळपास लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यावर व्हॉट्सअ‍ॅप येत नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात. मात्र मराठी वाचकाची खरी अडचण पीडीएफ ही आहे. पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असते. छापील पान सहा इंची पडद्यावर आले की अक्षरे मुंगीएवढी होतात आणि मोठी केली तर ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब प्रकारच्या फाइलीत अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात, म्हणून पर्याय असेल तेव्हा ईपबच घ्यावे. पीडीएफच हाती असेल तर टॅब्लेट किंवा संगणक वापरावा, किंवा ई-रीडर आडवा धरून अर्धे-अर्धे पान वाचावे.

पीडीएफ उतरवून घेतल्यावर एक छोटी चाचणी करावी: एक ओळ निवडून ती स्वतःलाच संदेशात चिकटवून पाहावी. मराठी अक्षरे उमटली तर फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात) आहे आणि तिच्यात शब्द शोधता येतात. अर्थहीन रोमन अक्षरे उमटली तर ती जुन्या फाँटमध्ये जुळवलेली आहे. काहीच निवडता आले नाही तर ती पानांची नुसती छायाचित्रे आहेत. शेवटच्या दोन प्रकारांत शोध चालत नाही, म्हणून अशा पुस्तकांची टिपणे हातानेच वहीत काढावीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत आणि भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे उलटली की त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते, त्यामुळे कायदेशीर मार्गाने मिळणारे मराठी वाचन एका आयुष्याला पुरून उरेल. हयात लेखकांच्या नव्या कादंबऱ्यांच्या चोरट्या पीडीएफ ग्रुपवर फिरवणाऱ्यांना वाचनप्रेमी म्हणणे मला जड जाते.

ऐकण्याच्या पुस्तकांविषयी थोडक्यात: २०१७ साली स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचे अ‍ॅप भारतात आल्यापासून मराठी श्राव्य पुस्तकांची चांगली सोय झाली आहे. कथा, आत्मचरित्रे आणि प्रवासवर्णने लोकलमध्ये किंवा भाजी निवडताना छान ऐकता येतात. वैचारिक ग्रंथ, जिथे दोन पाने मागे जाऊन पाहावे लागते, ते ऐकू नयेत. रात्री ऐकायचे असेल तर अ‍ॅपमधला झोपेचा टायमर लावावा.

आता फोनकडे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ज्या ग्रुपमधून बाहेर पडणे नातेसंबंधांमुळे शक्य नसते, ते कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावेत आणि सेटिंग्जमध्ये चॅट अर्काइव्हमध्येच ठेवण्याचा पर्याय चालू करावा, म्हणजे नवा संदेश आला तरी ग्रुप वर येत नाही. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे; सुप्रभातांनी भरलेली गॅलरी हीसुद्धा फोन पुन्हा पुन्हा उघडायला लावते, कारण जागा भरल्याची सूचना येत राहते. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली तर तो पुष्कळ हातांतून फिरून आलेला असतो. असा संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि तेवढाही पाठवू नये असे मी म्हणेन.

यूट्यूबला शेवट लावण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून तो नोंदवणेच थांबवले, तर २०२३ पासून मुख्य पान जवळजवळ रिकामे दिसते आणि शिफारशींची रांग लागत नाही. मग काय पाहायचे ते शोधावे लागते किंवा आपण निवडलेल्या वाहिन्यांच्या यादीतून घ्यावे लागते, आणि तेवढ्या श्रमानेच निम्मे पाहणे गळून पडते.

मुलांच्या बाबतीत बंदीपेक्षा पर्याय समोर ठेवणे बरे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. एक अंक टॅब्लेटवर उतरवून, इंटरनेट बंद करून तो मुलाच्या हाती द्यावा.

घरातल्या ज्येष्ठांना मात्र शिकवण्याच्या आविर्भावात काही सांगू नये. आईंना कीर्तन आणि वडिलांना नाट्यसंगीत ऐकायचे असते. मध्येच भलतेच काही सुरू झाले की ते पुढच्या बटणापाशी अडतात आणि दिसेल ते पाहत राहतात. त्यांच्या आवडीच्या आठ-दहा ध्वनिचित्रफितींची यूट्यूबवर प्लेलिस्ट करून द्यावी, अक्षरांचा आकार वाढवून द्यावा आणि ऑटोप्ले (पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय) बंद करावे, म्हणजे यादी संपली की पडदा थांबतो. ही शेवटची गोष्ट टीव्हीवर वेगळी करावी लागते, कारण फोनवर बंद केलेले ऑटोप्ले टीव्हीवर चालूच राहते.