फायबरच्या बॉनेटला तडा गेला, तर आधी स्प्रिंग तपासा

१९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टला आणि १९६८ च्या शेल्बी मस्टँगला फायबरग्लासचे बॉनेट मुळातच होते. परंतु जुन्या अमेरिकी मसल कारवर (दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्यांवर) आज दिसणारी अनेक फायबरची बॉनेटे मागाहून, पत्र्याच्या बॉनेटच्या जागी बसवलेली असतात आणि दुखण्याचे मूळ तिथेच असते. पत्र्याचे जड बॉनेट तोलून धरणाऱ्या बिजागरीच्या स्प्रिंगा तशाच राहतात, हलके बॉनेट बंद करताना त्या वर रेटा देतात आणि बॉनेट बिजागरीच्या पुढच्या भागात धनुष्यासारखे वाकते. नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या गाळ्यात आलेल्या एका बॉनेटला पूर्वी दोनदा पुट्टी भरून रंग दिलेला होता आणि दोन्ही वेळा तडा त्याच रेषेत परतला होता, कारण स्प्रिंगला कोणी हातच लावला नव्हता.

म्हणून पहिले काम स्प्रिंगचे. बॉनेट उघडून त्याला भक्कम आधार द्यावा, डोळ्यांवर चष्मा चढवावा आणि ताणलेली स्प्रिंग एकट्याने काढू नये, कारण ती सुटली तर बोट मोडू शकते. तिच्या जागी कमी ताकदीची स्प्रिंग किंवा हलका गॅस स्ट्रट (वायूच्या दाबाने बॉनेट उचलून धरणारा दांडा) बसवावा. बिजागरीच्या बोल्टखाली रुंद वॉशर किंवा पत्र्याची पट्टी घालावी, म्हणजे दाब एकाच ठिकाणी न येता पसरतो.

मग तडा किती खोल आहे ते पाहावे. रुपयाच्या नाण्याने बॉनेटभर हलक्या टिचक्या मारत गेल्यास चांगल्या भागातून टणक आवाज येतो, तर थर सुटलेल्या भागातून बद्द. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा जेलकोटपुरत्याच, म्हणजे रेझिनच्या सर्वांत वरच्या गुळगुळीत थरापुरत्याच असतात. तरीही त्या बिजागरीजवळ असतील तर खालची बाजू घासून पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नये.

खरा तडा पुट्टीने बुजत नाही. तो दोन्ही अंगांनी उतरता घासावा लागतो आणि उतार जाडीच्या बारा पट असावा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूस सुमारे ३६ मिलिमीटर. ॲसिटोनने पुसून त्यावर चॉप्ड मॅटचे (काचतंतूंच्या तुकड्यांच्या चादरीचे) थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून बसवावेत आणि रोलरने हवा काढावी. सुटे रेझिन, ते घट्ट करणारे हार्डनर आणि त्या क्रियेला वेग देणारे कोबाल्टचे द्रावण वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून मगच हार्डनर घालावे, कारण कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. ही गोष्ट गाळ्यातल्या नव्या पोराला मी पहिल्याच दिवशी सांगतो. हार्डनर साधारणपणे रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के असते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या उन्हात रेझिन लवकर घट्ट होते, म्हणून तेव्हा प्रमाण खालच्या बाजूस ठेवावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत मात्र हे काम हाती न घेणेच मला शहाणपणाचे वाटते. मास्क आणि हातमोजे सर्व काळ घालावेतच.

रंगाची घाई करू नये. नवे बॉनेट असो वा दुरुस्त केलेले, ते गाडीवर बसवून, सर्व बाजूंच्या फटी जुळवून, काही दिवस उन्हात ठेवावे. रेझिन पूर्ण पिकले नसताना रंग दिला तर महिन्याभरात धाग्यांची जाळी वर उमटते आणि टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे पडतात. मी स्वतः अशा वेळी इंजिन तापवूनही पाहतो, कारण मधला भाग उष्णतेने खाली झुकत असेल तर ते रंगापूर्वीच कळलेले बरे. तसे झाल्यास आतून ॲल्युमिनियमची उष्णतारोधक चादर आणि एखादी आडवी फासळी द्यावी.

पुढच्या बाजूस दोन बॉनेट पिना (बॉनेट जागेवर अडकवून धरणाऱ्या खुंट्या) लावाव्यात, म्हणजे वेगात टोक उचलले जात नाही. बॉनेट बंद करताना वरून आदळू नये. दोन्ही तळहात पुढच्या कडेवर, पिनांच्या अगदी जवळ ठेवून सावकाश दाबावे.