पंप बदलायच्या आधी गेजची सुई बघा

गिऱ्हाईक हल्ली निदान घरूनच करून येतं. "मेस्त्री, पेट्रोलचा पंप गेलाय. नवीन टाकून द्या की ओ." कुणी बघितलं म्हणून विचारावं, तर भावजींनी सांगितलंय. माझं गॅरेज बेळगावच्या उद्यमबागेत. खानापूर, जांबोटी, हिंडलगा या बाजूच्या जुन्या एस्टीम, झेन, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या) 800 माझ्याकडे येतात. लई वेळ सेल्फ मारावा लागतोय म्हणून आलेल्या गाडीत मेलेला पंप क्वचित सापडतो. चांगला पंप काढून नवीन बसवलाय आणि त्रास तसाच आहे, हे जास्त वेळा बघायला मिळतं.

माझा पहिला प्रश्न असतो, त्रास कधी होतो? रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, की गरम इंजिन बंद करून थोड्या वेळानं परत चालू करताना? दुसऱ्या प्रकारातली गाडी बहुतेक चोर्ला घाटातली असते. गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून परतताना टाकी फुल्ल करायची, घाट चढून वर चहाला थांबायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाडी चालू होत नाही. मग शिव्या गोव्याच्या पेट्रोलला. खरं कारण असं की इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता वाढते. लाइनमध्ये प्रेशर टिकून असेल तर पेट्रोल उकळत नाही. प्रेशर उतरलं की पाइपात आणि इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या रेलमध्ये त्याची वाफ होते आणि इंजेक्टर वाफच फवारत बसतो.

पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज लावायच्या आधी एक फुकटची तपासणी करा. चावी ऑन केली की मागून टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुंऽऽ करून थांबतो. ऐकू येत नसेल तर एकानं चावी फिरवावी, दुसऱ्यानं पेट्रोलच्या झाकणाजवळ कान द्यावा. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, वायर बघा. आवाज असेल तर सेल्फ न मारता चावी ऑफ-ऑन अशी तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. एका झटक्यात चालू झाली, तर पंप प्रेशर करतोय, पण गाडी उभी असताना ते कुठूनतरी उतरतंय. काहीच फरक पडला नाही तर प्लग, बॅटरी आणि पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरकडे वळा. हा सेन्सर बिघडला तर थंड इंजिन गरम आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, पेट्रोल कमी सोडतो. 20 अंशाला त्याचा रेझिस्टन्स अडीच किलोओमच्या आसपास आणि 80 अंशाला साधारण 300 ओम येतो, मल्टिमीटरवर दोन मिनिटांचं काम.

आता गेज. बेळगावात हायड्रॉलिक्सचं काम इतकं आहे की याच्यासाठी बाहेरून काही मागवावं लागत नाही. शून्य ते सात केजीचं (केजी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) ग्लिसरीन भरलेलं गेज घ्या, लेथवाल्याकडून पितळेचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, करून घ्या. नळी मात्र इंजेक्शनच्या गाडीची, प्रेशरची पाहिजे. पाण्याची पारदर्शक नळी लावून पेट्रोल बघायचा शौक करू नका. गाडीच्या रेलवर गेजसाठी वेगळं तोंड असेल तर उत्तम, नसेल तर फिल्टर आणि रेलच्या मध्ये टी घाला.

पाइप सोडायच्या आधी प्रेशर काढा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडू द्यायचं, वर दोन-तीनदा सेल्फ मारायचा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडायची. तरीही थोडं पेट्रोल येतंच, म्हणून जोडावर फडकं धरा. इंजिन थंड पाहिजे, शटर उघडं पाहिजे, आग विझवायचा सिलिंडर हाताशी पाहिजे. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर थांबायला सांगा. उद्यमबागेत शेजारी वेल्डिंग असतंच.

ज्या गाडीत प्रेशर ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर रेलवर आहे आणि त्याला व्हॅक्यूमची नळी आहे, तिथं इंजिन बंद आणि पंप चालू असताना साधारण अडीच ते तीन केजी दिसायला पाहिजे. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, अर्धा केजी कमी. व्हॅक्यूमची नळी काढली की सुई परत वर. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. ती नळी काढली आहेच तर वास घ्या. आत पेट्रोल ओलं लागलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, पुढचं काही तपासायची गरज नाही.

इंजिन बंद केल्यावर काय होतं, ते बघायला बहुतेकजण थांबत नाहीत. सुई जराशी उतरून थांबली पाहिजे आणि दीड-दोन केजीवर काही मिनिटं तरी टिकली पाहिजे. ती डोळ्यांदेखत शून्याकडे घसरायला लागली, तर कुठून उतरतंय हे पकडीनं शोधायचं. पंप थांबल्याबरोबर टाकी आणि गेजच्या मधली रबरी नळी चिमटायची. सुई थांबली तर गळती टाकीत आहे, बहुतेक पंपातल्या नॉन-रिटर्न वॉल्वमधून (पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेतून). नाही थांबली तर नळी सोडा, परत प्रेशर करा आणि आता रिटर्नची, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी चिमटा. थांबली तर दोष रेग्युलेटरचा. दोन्ही चिमटूनही सुई उतरते आणि बाहेर कुठं ओल नाही, म्हणजे इंजेक्टर ठिबकतोय. त्या सिलिंडरचा प्लग काढला तर ओला आणि पेट्रोलच्या वासाचा निघतो. पकड फक्त रबरी नळीवर, तीही दातांवर कापड गुंडाळून. कडक नायलॉनचा पाइप चिमटला की चिरलाच.

चालू इंजिनला प्रेशर मुळातच कमी असेल तर आयडलवर रिटर्न एक-दोन सेकंद दाबून बघा, जास्त नको. सुई झटकन चार-पाचवर गेली तर पंप ठणठणीत आहे, रेग्युलेटर सैल पडलाय. नाही गेली तरी लगेच पंपाला दोष देऊ नका. आधी फिल्टर बदला. मग पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी भरला तर रिले, वायर नाहीतर अर्थिंग खराब आहे. खानापूर भागातल्या पावसात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत अर्थिंगचा बोल्ट हमखास गंजलेला असतो. तो घासून, ग्रीस लावून कसला की सुई वर आल्याचं बघण्यात वेगळीच मजा आहे, आणि खर्च सॅंडपेपरचा. व्होल्टेज बरोबर, फिल्टर नवा, रिटर्न दाबूनही प्रेशर नाही, तेव्हा कुठं पंप काढायचा. काढला की त्याची जाळी आणि टाकीचा तळ दोन्ही बघा. तळाशी गंज आणि पाणी असेल तर नवीन पंपही फार दिवस पुरणार नाही. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं, म्हणून अभिमान बाळगा हवा तर). ते पाणी ओढतं आणि जुन्या गाडीचं रबर लवकर खराब करतं. टाकीतल्या पंपाला जोडणारा छोटा नळीचा तुकडा वाकवून बघा. भेगा दिसल्या तर प्रेशर तिथूनच टाकीत परत जातंय आणि पंप बिचारा उगाच बदनाम झालाय.

कार्ब्युरेटरच्या जुन्या 800 ला यातलं काही लावू नका. तिचा पंप इंजिनवर चालणारा, प्रेशर अगदी थोडं, सात केजीच्या गेजवर सुई हलल्यासारखीही दिसायची नाही. तिथं डायफ्रॅम, चोक आणि रात्रीत रिकामं होणारं कार्ब्युरेटरचं बाउल बघायचं.

काम झालं की गाडी संध्याकाळी देऊ नका. दिवसभर चालू-बंद केलेली गाडी संध्याकाळी सेल्फला चालू होणारच. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मी रात्रभर ठेवून घेतो, सकाळी चावी एकदाच फिरवून त्याच्यासमोर सेल्फ मारतो आणि मगच बिल करतो.