उपयुक्त देशी वनस्पतींच्या शोधात दक्षिण कोकण: सहलीची आखणी आणि संकलन कसे करावे

बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ कोकणातल्या बहुतेक घरांत डब्यात भरून ठेवलेले असते. पण ते ज्या झाडावर लागते ते झाड आणि त्याच्या खोडावरचे शंकूच्या आकाराचे जाड काटे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे शहरांत आता थोडीच भेटतील. कोकम, शिकेकाई, वावडिंग, भारंगी यांच्याबाबतीतही हेच आहे. वस्तू ओळखीची असते, वनस्पती अनोळखी राहते. या वनस्पती त्यांच्या मूळ ठिकाणी पाहाव्यात, नीट ओळखाव्यात आणि नियमांत बसेल तेवढेच बी किंवा छाट आपल्या परसासाठी आणावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांना सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी, आंबोली आणि दोडामार्ग हा पट्टा सुरुवातीसाठी फार सोयीचा आहे. किनाऱ्यालगत उंडी आणि करंज, सखल भागात कोकम आणि तिरफळ, आणि सावंतवाडीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, जवळजवळ ७०० मीटर उंचीच्या आंबोलीत वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस झेलणारे निमसदाहरित जंगल, असे वनस्पतींचे तीन वेगळे थर येथे एकाच दिवसाच्या प्रवासात पाहायला मिळतात.

पहिली पायरी: यादी लहान ठेवावी

सहल ठरवण्याआधी घरी बसून आठ ते दहा वनस्पतींची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे तिचा उपयोगी भाग, तो केव्हा तयार होतो आणि आपल्याला त्यातले नेमके काय हवे आहे, हे लिहावे. काही वनस्पती केवळ पाहायच्या आणि टिपायच्या असतात, काहींचे बी हवे असते, तर काहींची फक्त भाजी चाखायची असते. लांबलचक यादी घेऊन गेलेला माणूस दिवसभर यादीच तपासत राहतो आणि एकही झाड नीट पाहत नाही, असा माझा अनुभव आहे. नरक्या, सीता अशोक, सप्तरंगी आणि खरपुडीच्या जाती यांची नावे यादीत असली तरी त्यांच्यापुढे 'फक्त निरीक्षण' असेच लिहावे. कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन नरक्यापासून मिळते, आणि त्यापायी सह्याद्रीत या झाडाची बेसुमार तोड झाली आहे.

दुसरी पायरी: हंगाम निवडावा

सर्व काही एकाच सहलीत मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोकम, करवंद आणि जांभूळ पिकतात. मृगाचा पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, भारंगी आणि तेरे यांची कोवळी पाने येतात, आणि पुढे फागले, म्हणजेच कर्टुली, बाजारात दिसू लागतात. पावसाळा सरता सरता तिरफळाचे घोस तयार होतात. शिकेकाईच्या शेंगा आणि बिब्बा यांसाठी हिवाळ्याचा उत्तरार्ध धरावा. पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडावा असे मी सुचवेन, कारण तेव्हा पावसाचा जोर ओसरलेला असतो, वाटा चालण्याजोग्या होतात आणि बऱ्याच वनस्पती फुलोऱ्यात असल्यामुळे ओळख पटवणे सोपे जाते. ज्यांना कारवीचा बहर पाहायचा असेल त्यांनी आधी स्थानिकांकडे चौकशी करावी. तिचा सामूहिक फुलोरा सात-आठ वर्षांतून एकदाच येतो.

तिसरी पायरी: जागा कोणाची, हे आधी विचारावे

जंगल दिसले म्हणजे ते सरकारी आहे आणि तिथले बी उचलायला हरकत नाही, ही समजूत चुकीची आहे. सिंधुदुर्गात जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे, त्यामुळे झाडाखाली पडलेल्या फळालाही मालक असतो आणि त्याची परवानगी घेणे हे सौजन्य आणि कायदा या दोन्ही दृष्टींनी आवश्यक आहे. राखीव वनांना १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू होतो. तेथून बी, साल, कंद यांपैकी काहीही न्यायचे असेल तर उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि त्यासाठी महिना-दीड महिना हाताशी ठेवावा. राधानगरीसारख्या अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू असल्याने तेथे वनस्पती तोडण्याचा विचारही करू नये, आणि तिळारीसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रातही संकलनाचा बेत आखू नये. देवराईचा नियम तर कागदावर नसूनही सर्वांत कडक आहे. तेथे आत जाण्यापूर्वी गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारावे, चपला बाहेर काढाव्यात आणि पडलेले पानही उचलू नये.

२००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातील वनस्पती व त्यांचे उपयोग लोक जैवविविधता नोंदवहीत लिहिलेले असतात. ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही पाहायला मागावी. आपल्या यादीतील स्थानिक नावे तिच्यात सापडली तर कितीतरी शोधाशोध वाचते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. या कायद्यानुसार परदेशी नागरिकाला आणि अनिवासी भारतीयालाही संशोधनासाठी किंवा व्यापारी उपयोगासाठी जैविक साधनसंपत्ती घ्यायची असेल, तर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. गावी आलो होतो म्हणून मूठभर बी बॅगेत टाकून नेले, हे त्यात बसत नाही. शिवाय ज्या देशात जायचे तेथील वनस्पती संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियमही वेगळे असतात.

चौथी पायरी: जाणते माणूस शोधावे

पुस्तकातील चित्र आणि मोबाइलवरील ओळख सांगणारे अ‍ॅप यांच्या भरवशावर जंगलात शिरू नये. गावातील वैदू, गुरे राखणारे, रानभाजी विकायला बसणाऱ्या मावशी यांना जेवढे दिसते तेवढे आपल्याला दिसत नाही. सावंतवाडीच्या बाजारात सकाळी भाजीचे वाटे लावून बसलेल्या एका आजींकडून मी तेऱ्याची जुडी घेतली, तेव्हा त्यांनी पैसे हातात घेण्याआधी मला थांबवले. त्यांनी देठाची साल सोलून दाखवली, पाने थोडी सुकू द्यायला सांगितली आणि भाजीत आठळ्यांबरोबर आमसूल घातले नाही तर घसा खाजल्याशिवाय राहणार नाही, असे बजावले. अळूवर्गातील वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांच्यामुळे ही खाज येते. आजींना हे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यावरचा उपाय त्यांच्या हातात होता.

सोबत येणाऱ्या माणसाला दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यावी, त्याने सांगितलेले उपयोग त्याच्या नावानिशी वहीत लिहावेत आणि ते कोठे छापायचे असतील तर त्याची संमती घ्यावी. हा प्रघात जुनाच आहे. आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची ग्वाही नागरी लिपीत छापलेली आहे. केरळातील अगस्त्य पर्वतात १९८७ मध्ये वाटाड्या म्हणून आलेल्या काणी आदिवासींनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी 'आरोग्यपच्चा' ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून तयार झालेल्या 'जीवनी' या औषधाच्या परवाना शुल्काचा आणि स्वामित्वधनाचा निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने ठरवले. आपली सहल एवढी मोठी नसते, पण ऋण त्याच जातीचे असते.

पाचवी पायरी: सामान आणि आरोग्य

जाड कागदाची पाकिटे, सुती पिशव्या, रद्दी, टीपकागद, दोन लाकडी जाळ्या व पट्टे असलेले दाबयंत्र, छाटणीची कात्री, भिंग, शिसपेन्सिल आणि पुठ्ठ्याची वही एवढे पुरेसे आहे. पावसात शाई पसरते, म्हणून शिसपेन्सिलच घ्यावी. पायांत लांब मोजे आणि बूट असावेत. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावण्याची स्थानिक पद्धत उपयोगी पडते.

जळवा त्रासदायक असल्या तरी भीती बाळगायची ती गोचिडांची. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचे रुग्ण आढळले आहेत आणि हा आजार प्रामुख्याने हिवाळ्यापासून मेपर्यंत गोचिडांमार्फत पसरतो. या काळात जायचे असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, पालापाचोळ्यावर बसू नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता ताबडतोब कळवावे, आणि परतल्यानंतर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आपण कोठे गेलो होतो ते सांगावे. सर्पदंश झाल्यास चिरा देणे, दोरी करकचून बांधणे, मंत्र यांत वेळ न घालवता जखमीला हालचाल करू न देता रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष कोणत्या ग्रामीण रुग्णालयात मिळते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

सहावी पायरी: ओळख पटल्याशिवाय हात लावू नये

प्रत्येक वनस्पतीची ओळख तीन गोष्टींवरून पटवावी: पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, मोडल्यावर चीक येतो का आणि त्याचा रंग कोणता, आणि फूल किंवा फळ कसे आहे. तिरफळाचे पान चुरगळले की मसाल्याचा तो ओळखीचा वास बोटांना राहतो, त्यामुळे ते चुकत नाही. कंदांच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतू शकते. कळलावीचा कंद कोल्चिसिनमुळे अत्यंत विषारी असतो आणि वेल सुकल्यावर तो खाद्य कंदांत मिसळण्याचा धोका असतो, म्हणून वेलाला पाने-फुले असताना खूण करून ठेवल्याशिवाय कोणताही कंद खणू नये. बिब्ब्याच्या फळातील तेलाने कातडी भाजते आणि खाजकुयलीच्या शेंगेवरील लव वाऱ्यानेही अंगावर येते; या दोन्ही गोष्टी जाणत्याने हाताळलेल्या पाहाव्यात.

सातवी पायरी: संकलन

एका दिवशी पिकून तयार असलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून अधिक घेऊ नयेत, हा बियाणे संकलकांचा सर्वमान्य नियम आहे. मोजकीच झाडे असतील तर त्याहूनही कमी घ्यावे. एकाच झाडाखाली पिशवी भरण्याऐवजी दूर दूर असलेल्या अनेक झाडांचे थोडे थोडे बी घ्यावे, म्हणजे पुढच्या पिढीत विविधता टिकते. मुळे आणि साल यांना हात लावू नये.

बियांचे दोन प्रकार असतात आणि नवखे संकलक सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी करतात. शिकेकाई, बहावा, टाकळा, कुर्डू यांचे बी वाळवून कागदी पाकिटात महिनोन्‌महिने ठेवता येते. कोकम, जांभूळ, फणस यांचे बी वाळले की मरते, आणि फ्रिजमध्ये ठेवले तरी मरते. त्यामुळे गर धुऊन काढल्यावर ते ओलसर नारळाच्या भुशात, हवा खेळेल अशा पिशवीत ठेवावे आणि घरी पोचताच एक-दोन दिवसांत पेरावे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून झालेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. ज्यांच्या परसात एकाच झाडाला जागा आहे, त्यांनी बी आणण्याऐवजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'कोकण अमृता' या जातीचे कलम विकत घ्यावे. कर्टुलीचेही तसेच आहे. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल ठेवावा लागतो, म्हणून मालकाने वेल फळताना खूण केलेल्या मादी वेलाचा कंद मागून घेणे अधिक बरे.

ओळख निश्चित करण्यासाठी वाळवलेला नमुना ठेवायचा असेल, तर फूल किंवा फळ असलेली एक फांदी पुरते. ती रद्दीत पसरून, एक-दोन पाने उलटी ठेवून दाबावी आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावेत. आंबोलीत एकदा मी दोन दिवस कागद बदलायचे टाळले आणि चार दिवसांच्या पायपिटीनंतर जमवलेल्या सगळ्या फांद्यांवर पांढरी बुरशी चढली. त्या दमट हवेत एकही दिवस चुकवता येत नाही. प्रत्येक फांदीला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि त्याच क्रमांकाखाली वहीत तारीख, गाव, उंची, आसपासचे वन, फुलाचा ताजा रंग, वास, स्थानिक नाव, उपयोग आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. वाळल्यावर रंग आणि वास उरत नाहीत, म्हणून हे जागेवरच लिहिणे भाग असते. शंका राहिल्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना नमुना दाखवावा.

आठवी पायरी: परतल्यावर

पिशवी प्रवासाच्या थकव्यामुळे कोपऱ्यात राहू देऊ नये. त्याच संध्याकाळी ओलसर बिया पेराव्यात, कोरड्या बिया सावलीत पसराव्यात आणि नोंदी सुवाच्य लिहून काढाव्यात. शिकेकाई आणि बहावा यांचे कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी बी गरम पाण्यात टाकून रात्रभर तसेच ठेवावे. तिरफळाची उगवण अनियमित असते. महिना-दोन महिने काही दिसले नाही म्हणून कुंडी रिकामी करू नये. नोंदींची एक प्रत ज्या गावात फिरलो तेथील जैवविविधता समितीकडे पाठवावी. रोपे चार-सहा पानांची झाली की त्यांतील दोन-तीन रोपे बी देणाऱ्या घरी परत नेऊन द्यावीत आणि त्यासाठी पुढच्या वर्षीच्या जूनचा दुसरा आठवडा आताच वहीत लिहून ठेवावा, कारण मृगाच्या पहिल्या सरींनंतर लावलेले रोप कोकणात वेगळे पाणी न घालताही रुजते.