सासऱ्यांची तीन नावं आणि 23 किलोच्या बॅगा

आपल्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) घरात अलियाला, म्हणजे कायमचं इस्राएलला, निघायचं ठरलं असेल तर पहिलं काम: घरातला कुठलाही कागद लॅमिनेट करू नका. केलेला असेल तर आजच बाहेर काढून ठेवा, पुढे रडावं लागेल.

आमचं लग्न 1993 साली अहमदाबादला, खमासातल्या मागेन अब्राहाम सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळात, लागलं. दाखला हाती आला तशी मी कौतुकाने रावपुऱ्यातल्या एका दुकानात नेऊन तो प्लास्टिकमध्ये बंद करून आणला. तीस वर्षं कपाटात अगदी सुखात होता. आता इस्राएलला द्यायच्या दाखल्यांवर अपोस्टिल लागतं. ते म्हणजे परराष्ट्र खात्याचा एक स्टिकर, कागदाच्या पाठीवर चिकटवतात. प्लास्टिकवर तो चालत नाही. मी हेअर ड्रायर लावून लावून एक कोपरा सोडवला, तर नवऱ्याच्या नावाची शाईच प्लास्टिकबरोबर उठून आली. शेवटी दुसरी प्रत काढली, त्यात दीड महिना गेला. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये आहे. त्याआधी राज्य सरकारचा शिक्का लागतो, तो खर्च आणि एजन्सीचे पैसे वेगळे. एजन्सीवाल्याकडून भाव लिहून घ्या. आमच्याकडून एकाने शेवटी दुप्पट मागितले.

पण खरा वेळ खातात ती नावं. आपल्या लोकांना एका नावावर कधी भागलंच नाही. माझ्या सासऱ्यांना घरी मुसाजी म्हणत, शाळेच्या दाखल्यावर ते मोझेस आणि मशिदीत तोरा (धर्मग्रंथ) वाचायला बोलावताना मोशे. (सिनेगॉगला मशीद म्हटलेलं ऐकून दांडिया बाजारातले शेजारी अजून दचकतात, पण आमच्या सासूबाईंनी मरेपर्यंत दुसरा शब्द वापरला नाही.) आडनाव कोकणातल्या गावाचं. ते कुठे लावलंय, कुठे गाळलंय. भरीला आमच्या ह्यांचा जन्मदाखला गुजरातीत, त्यात आजोबांचं नाव मधे घुसलेलं.

तेव्हा असं करा. एक मोठा कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाची एक ओळ, आणि जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, आधार, लग्नाचा दाखला यांवर नाव जसं आहे तसंच, अक्षर न बदलता, उतरवा. आम्ही हा कागद फ्रिजच्या दारावर लावला होता. एका नजरेत कळतं कुठे काय सांधायचं ते. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र पुरतं. नावच वेगळं असेल तर गॅझेटमध्ये छापून आणावं लागतं, त्याला वेळ द्या. ज्या स्पेलिंगने पासपोर्ट आहे ते धरा, बाकीचे कागद त्याच्याकडे वळवा. उलटं करायला जाऊ नका. पोलीस क्लिअरन्स मात्र सगळ्यांत शेवटी काढा, नाहीतर बाकीचं होईपर्यंत तो जुना होतो.

ज्यू असल्याचा पुरावा हे आणखी एक प्रकरण. इस्राएलच्या 1950 च्या परतीच्या कायद्यात 1970 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी अर्ज करता येतो. पण त्या आजोबांचा कागद तर हवा! सिनेगॉगचं पत्र लागतं, आणि केतुबा (लग्नाचा धार्मिक करारनामा) असेल तर ती जिवापाड जपा. आईवडिलांची असेल तर तीही. मुलांची लग्नं तिकडे व्हायची आहेत. तिकडे गेलेल्या आपल्या लोकांना साठच्या दशकात लग्नांवरून तिथल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) खूप छळलं होतं. लोक धरणं धरून बसले, तेव्हा 1964 साली क्नेसेतने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल हे सगळ्या बाबतींत ज्यूच. सासूबाईंची थोरली बहीण तेव्हा तिकडे होती, पुढे आयुष्यभर ती केतुबा उशाखाली घेऊन झोपायची.

पत्रं-बित्रं काहीच सापडत नसेल तर कबरस्तानात जा. आम्ही अहमदाबादला जाऊन सासऱ्यांच्या आईवडिलांच्या कबरींचे फोटो काढले. सकाळी लवकर जायचं, ऊन तिरपं असताना. सोबत पाण्याची बाटली आणि मऊ ब्रश. दगड ओला केला की झिजलेली हिब्रू अक्षरं वर येतात आणि खालचा मराठी मजकूरही वाचता येतो. आमच्या मुलांच्या पणजीचं खरं नाव आम्हाला तिथे, चाळीस वर्षांनी कळलं.

हिब्रू आत्तापासून शिका. प्रार्थना येते म्हणजे हिब्रू येतं असं नाही. आमच्या ह्यांना अख्खी शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची) तेफिला पाठ आहे, पण डॉक्टरला ‘पोटात दुखतंय’ सांगता येत नाही. तिकडे गेल्यावर उलपान (हिब्रूचे वर्ग) असतं, तरी दालेत आणि रेश ही सारखी दिसणारी अक्षरं इथेच वेगळे ओळखायला शिका, आणि हाताने लिहायची अक्षरं छापील अक्षरांहून वेगळी असतात हेही लक्षात ठेवा.

पैशांचं थोडक्यात. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या, पॅन तसाच राहू द्या. घर विकायचं राहिलं असेल तर मुखत्यारपत्र निघण्याआधी नोंदवा. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, तिकडचं मिळालं की भारतीय पासपोर्ट तेलअवीवच्या वकिलातीत जमा करायचा आणि मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं) कार्ड करायचं. मी हे वाचून एक दिवस जेवले नाही, पण नियम आहे.

आता बॅगा. मिक्सर न्या. वीज तिकडेही 230 व्होल्टचीच आहे, फक्त प्लग बदलायचा. कुकर न्या, त्याच्या पाच-सहा रिंगा जास्तीच्या. सांदणाच्या वाट्या न्या. पोह्यांवर वजन घालवू नका. इस्राएलमधल्या दिमोनाची नणंद सांगते, तिथल्या भारतीय दुकानांत पोहे, कढीपत्ता, कोकम सगळं मिळतं. मटणात घालायला नारळाचं दूधही डब्यात मिळतं. काळ्या मनुकांवरून मात्र आमचं फोनवर भांडण झालं. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथला द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, मी गुरुवारी रात्री मनुका भिजत घालते, शुक्रवारी कुस्करून फडक्यातून गाळते. ती म्हणते, इथे द्राक्षरसाच्या बाटल्या ढिगाने मिळतात, मनुका कशाला आणतेस? मी खंडेराव मार्केटमधून दोन किलो घेऊन ठेवल्यात.

निघण्याच्या आठवड्यात मलिदा (नवसाचं, आभाराचं ताट) करा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाचा) नवस फेडता आला तर उत्तमच, नाहीतर घरी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. शेजाऱ्यांना आधी सांगा, आमच्याकडे ताटं कमी पडली.

मेझुझा (दाराच्या चौकटीवरची, धर्मवचनांची गुंडाळी असलेली डबी) शेवटच्या दिवशी काढायची. घर घेणारे ज्यू नसतील तर ती मागे ठेवायची नसते. आमची पस्तीस वर्षांत तीनदा रंगलेली, स्क्रू रंगाखाली गेलेत. आधी ब्लेडने रंग खरवडा, नाहीतर चौकटीचा टवका निघतो. छोटा स्क्रूड्रायव्हर लागेल. आमचा सामानात गेला म्हणून समोरच्या बेनकडून आणलाय. तो हातातल्या पिशवीत टाकून विमानतळावर नेऊ नका, काढून घेतात. खाली उतरताना त्यांचा त्यांना परत करा.