ऑफिसच्या लंचला सुपरमार्केटची पॅक सुशी? या चुका टाळा

ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट, कुठलंही ऑफिस घ्या, हल्ली दुपारी पोळी-भाजीच्या डब्यांमधे एखादा काळा ट्रे आणि पारदर्शक झाकणवाला सुशीचा, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताच्या मासा किंवा भाजीवाल्या जपानी तुकड्यांचा, बॉक्स दिसतोच. आणि बऱ्याच जणांचं मत त्या पहिल्या बॉक्सवरच ठरून जातं, भात कडक, चव काही नाही, पैसे फुकट गेले. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा सुशी वाईट नसते, ती कधी घेतली आणि दुपारपर्यंत कशी ठेवली तिथे गडबड झालेली असते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आदल्या रात्री घेणं. रात्री नऊला मॉलमधून निघताना डिस्काउंटचं स्टिकर दिसतं, आपण बॉक्स उचलतो, मग रात्रभर फ्रिजमधे, सकाळी बॅगेत आणि एक वाजता जेवायला. आता त्या भाताचं काय होतं बघा, शिजलेल्या भातातला स्टार्च गार झाला की परत घट्ट व्हायला लागतो आणि हे सगळ्यात जोरात होतं ते फ्रिजच्याच तापमानाला, ० ते ५ डिग्रीच्या आसपास. फोडणीच्या भाताला आपण रात्रीचा फ्रिजमधला भात मुद्दाम घेतो ना, कारण तो सुटा आणि टणक झालेला असतो, अगदी तेच सुशीच्या भाताचं होतं. त्या भातात साखर, मीठ आणि व्हिनेगर असतं, साखरेमुळे मऊपणा थोडा जास्त टिकतो, पण रात्रभर नाही. त्यामुळे शक्यतो त्याच दिवशी पॅक झालेली घ्या, लेबलवर पॅकिंगची तारीख आणि यूज बाय दोन्ही बघा, वेळ लिहिली असेल तर उत्तमच. झाकणाला आतून पाण्याचे थेंब जमलेत, अवोकाडो काळपट पडलाय, रोलच्या कडेचा भात कोरडा दिसतोय, तर राहू द्या.

मग काही जण म्हणतात फ्रिजच नको, बॅगेतच ठेवू. ही चूक तर आजारी पाडणारी आहे. ५ ते ६० डिग्रीमधे जंतू वाढतात, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचा साधा नियम आहे की असं खाणं बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर १ तासच. एप्रिल-मेमधे ठाणे स्टेशनचा प्लॅटफॉर्म, ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी, पुढे स्टेशनबाहेर रिक्षाची लाइन, यातच तो तास संपतो आणि जेवायला अजून तीन तास असतात. आइस पॅक टाकलेली थर्मल बॅग घ्या, ऑफिसला पोचल्या पोचल्या बॉक्स फ्रिजमधे, तोही दरवाजात नाही, आतल्या बाजूला, कारण ऑफिसचा फ्रिज सारखा उघडतो आणि दरवाजा सगळ्यात गरम राहतो.

"माझी तर व्हेज आहे, कच्चा मासा नाही, मला काय होणार" हे पण खूप ऐकू येतं. भात स्वतःच रिस्की असतो बरं का. बॅसिलस सेरियस नावाचा बॅक्टेरिया भात शिजवल्यावरही बीजाणूच्या रूपात टिकतो, भात कोमट राहिला की वाढतो आणि त्याचं उलटी करवणारं विष परत गरम करूनही जात नाही. व्हिनेगरमुळे आळा बसतो, पण किती घातलंय ते बॉक्स बघून कळत नाही, त्यामुळे काकडीचा रोलसुद्धा थंडच ठेवायचा.

आता कडक भाताचा उपाय. जेवायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बॉक्स बाहेर काढा, झाकण बंद ठेवून एसीतच डेस्कवर राहू द्या, एवढ्याने बराच फरक पडतो. कच्चा मासा नसेल, म्हणजे काकडी, अवोकाडो, क्रॅब स्टिक, शिजवलेली कोळंबी असेल, तर तुकडे प्लेटमधे काढून ओला टिश्यू टाकून मायक्रोवेव्हमधे फक्त दहा सेकंद. कच्चा सॅमन किंवा ट्यूना असेल तर मायक्रोवेव्ह अजिबात नाही. आणि पहिल्यांदा खाणाऱ्यांनी कच्चा मासा नसलेल्यानेच सुरुवात करा, सगळ्या सुशीत कच्चा मासा नसतोच. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, यांनी कच्च्या माशाची टाळलेलीच बरी, लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया फ्रिजमधेसुद्धा वाढतो.

श्रावण पाळणाऱ्यांनी किंवा प्युअर व्हेजवाल्यांनी नुसतं नाव वाचून घेऊ नका. मेयोनीजमधे अंडं असू शकतं, क्रॅब स्टिक तर माशाचीच असते. हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण ते बघा, आणि दुकानातच पॅक केलेली असेल तर काउंटरवर विचारा की चाकू आणि पाट वेगळा आहे का.

खाताना एक गोष्ट हमखास होते, तो हिरवा गोळा चटणी समजून अख्खा तोंडात जातो आणि नाकाडोळ्यातून पाणी. तो वसाबी, झणझणीत जपानी पेस्ट, बहुतेक पॅकमधे खऱ्या वसाबीऐवजी हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि रंग असतो, मटारच्या दाण्याच्या अर्धा घ्या. गुलाबी आलं दोन तुकड्यांच्या मधे खायचं. मधलं हिरवं प्लास्टिकचं पान काढून ठेवा. आणि सोया सॉस सगळ्यावर ओतू नका, भात तो शोषतो आणि तुकडा हातात फुटतो. झाकणात थोडा घ्या, वर मासा असेल तर माशाची बाजू बुडवा, भाताची नाही. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि डब्ल्यूएचओ दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते, म्हणजे दोन चमच्यांत जवळजवळ दिवसाचा कोटा. चॉपस्टिक जमत नसतील तर सरळ हाताने खा, जपानमधेही खातात.

सहा-आठ तुकड्यांत पोट भरत नाही हेही खरं, सोबत उकडलेलं अंडं किंवा कोशिंबीर न्या, नाहीतर चारला परत वडापावची आठवण येते. आणि मीटिंग लागली म्हणून दोन तुकडे राहिले, बॉक्स दोन तास डेस्कवर उघडा पडला, तर ते परत फ्रिजमधे ठेवून संध्याकाळी घरी नेऊ नका, टाकून द्या.